परसातली वीस पिल्ले: अंडी आणि कोंबडखतासाठीच्या कामाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

जागा कुडाळजवळ, घरामागची भाजीची बाग. माती जांभ्याची, तांबडी, आम्ल. हेतू दोन: घरापुरती अंडी आणि वाफ्यांना खत. खताचा हिशेब पिल्ले येण्याआधीच करायला हवा, कारण पहिल्या दिवशी पिल्लांखाली जे अंथरू तेच पुढे खत होणार आहे.

पिल्ले दिवाळीनंतर आणायची. फटाक्यांच्या आवाजाने लहान पिल्ले एकमेकांवर चढून ढीग करतात आणि तळची गुदमरतात, हे एक कारण. दुसरे, भातकापणी उरकली की गिरणीवर खडखडीत कोरडे तूस मिळते. तिसरे, नोव्हेंबरची पिल्ले एप्रिलमध्ये अंड्यावर येतात आणि मिरगाचा पाऊस सुरू होईपर्यंत दणकट झालेली असतात. कोकणात जूनमध्ये पिल्ले आणणे म्हणजे ओल्या गादीशी (पिल्लांखाली अंथरलेल्या तुसाच्या थराशी) रोजची लढाई.

जात ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली, तपकिरी अंडी देणारी. नीट खाद्य दिले तर वर्षाला २०० च्या आसपास अंडी. वनराजा अंगाने भारी, तिची अंडी याच्या साधारण निम्मी, म्हणून फक्त अंड्यांसाठी ती परवडत नाही. गावठी कोंबडी काटक खरी, पण १५-२० अंडी घातली की खुडूक बसते. ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही. म्हणजे पुढची पिल्ले घरच्या कोंबडीखाली निघणार नाहीत, ती पुन्हा विकतच आणावी लागतील, हे आत्ताच गृहीत धरलेले बरे.

नोंदणी २० पिल्लांची. एका दिवसाची पिल्ले नर-माद्या मिसळून मिळतात, त्यामुळे दहा कोंबड्या हव्या असतील तर वीस पिल्ले घ्यावी लागतात. सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र (इथून जवळचे कोल्हापूरचे) असो की खासगी हॅचरी, नोंदणी काही आठवडे आधी करावी लागते. नोंदणी करताना एकच प्रश्न नक्की विचारायचा: मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचलेली आहे का? ती पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यायची असते, घरी आणल्यावर देण्यात अर्थ उरत नाही.

२७ ऑक्टोबर

खुराडे पूर्ण. आतली जागा ६ × ४ फूट, म्हणजे बारा मोठ्या कोंबड्यांना प्रत्येकी २ चौरस फूट. बाहेर १२ × १० फुटांचे जाळीचे अंगण. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे दुपारचे ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. खाली दीड फूट जांभ्याचे चिरे, वर जाळी, त्यावर मंगलोरी कौले. पागोळ्या भिंतीपासून ३ फूट लांब पडतील इतकी वळचण बाहेर काढली. पावसाळ्यात गादी कोरडी राहील की नाही ते इथेच ठरते.

जाळी अर्धा इंची वेल्डमेश. षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. ते दातांनी तार सोडवते. लहान धामण तर एक इंची भोकातून सहज आत येते. जाळीची खालची कड १ फूट बाहेरच्या बाजूला आडवी वळवून मातीत पुरली. मुंगूस भिंतीलगत उकरते, त्याच्या पायाखाली जाळी लागली की सोडून देते.

नैऋत्येच्या बाजूला ताडपत्रीचा पडदा. तो वरून खाली सोडायचा नाही, खालून वर ओढायचा, आणि वरची एक फूट फट कायम उघडी. खालची झड अडते, वरून दमट हवा व अमोनिया निघून जातो. पुष्कळ खुराड्यांत हे नेमके उलटे असते.

७ नोव्हेंबर

मांगरात (घराबाहेरच्या खोपीत) ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची जागा, मांडला. अठरा इंच उंच पत्र्याचे गोल कडे, व्यास ३ फूट. चौकोनी खोका वापरू नये. गारठ्यात पिल्ले कोपऱ्यात दाटी करतात आणि कोपऱ्यातली मरतात. तळाला ३ इंच तूस, त्यावर पहिल्या तीन दिवसांपुरते खरखरीत गोणपाट. वर्तमानपत्र नको, त्यावरून पाय घसरून फाकतात आणि फाकलेले पाय आपोआप बहुधा सरळ होत नाहीत.

उबेसाठी ६० वॉटचे दोन तारेचे बल्ब, उलट्या टांगलेल्या जुन्या घमेल्याखाली. टांगायला तार किंवा साखळी, सुतळी नाही. सुतळी जळून घमेले तुसावर पडले तर मांगर पेटेल. दुकानात आता तारेचा बल्ब शोधावा लागतो. त्याऐवजी एलईडी लावून पिल्ले गारठून मेल्याची उदाहरणे दर हिवाळ्यात दिसतात. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. दोन बल्ब मुद्दाम: रात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो.

मांडणी चोवीस तास रिकामी चालवून पाहिली. थर्मामीटर तुसापासून २ इंच वर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या पातळीला. बल्ब १४ इंचांवर असताना रात्री ३४ अंश सेल्सिअस. दुपारी मांगरातच ३२ होते, दोन्ही बल्ब चालू ठेवले तेव्हा ३९ वर गेले. नोव्हेंबरच्या कोकणात दुपारचा धोका गारठ्याचा नाही, उकाड्याचा आहे. दुपारी एकच बल्ब, तोही वर ओढून, असे ठरवले.

९ नोव्हेंबर, दिवस १

सकाळी पिल्ले आली. एक जादा, एकूण २१. वजन साधारण ४० ग्रॅम प्रत्येकी.

आधी पाणी, खाद्य नंतर. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम गूळ, फक्त पहिले तीन-चार तास. नंतर साधे पाणी, कारण गूळपाणी आंबते आणि हगवण लागते. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवली. पिल्लू मान वर करून घोट गिळते, डोळे मिटते, आणि दुसऱ्या वेळी स्वतःच वाकते. दोघांनी तिसऱ्यांदा बुडवूनही मान टाकलेलीच ठेवली. त्यांना घमेल्याखाली बल्बजवळ ठेवले.

एक लिटरची दोन भांडी, काठाच्या खोबणीत गोट्या टाकून, म्हणजे झोपेत डुलणारे पिल्लू तोंड बुडवून मरत नाही. पाणी पिऊन दोन तास झाल्यावर मक्याचा बारीक भरडा कागदी ताटलीत. उद्यापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य.

रात्री साडेनऊला गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहिली. मऊ, भरलेली गोळी लागली तर खाल्ले-प्यालेही. कडक लागली तर खाल्ले पण पाणी कमी पडले. रिकामी लागली तर त्या पिल्लाला अजून ताटली सापडलेली नाही. आज १८ भरलेली, १ कडक, २ रिकामी.

११ नोव्हेंबर, दिवस ३

त्या दोनांपैकी एक मेले. पोटातले पिवळे बलक पहिल्या दोन-तीन दिवसांचे अन्न असते, त्यामुळे न खाणारे पिल्लू लगेच मरत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरते. राहिली २०.

गोणपाट काढले. आता थेट तूस.

१२ नोव्हेंबर, दिवस ४

तीन पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली आहे. भोक बंद झाले तर पिल्लू दोन दिवसांत जाते. कोरडी ओढून काढायची नाही, कातडीसकट निघते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरला की सुटते. मग पुसून कोरडे करून बल्बखाली. कारण बहुतेक वेळा उबेतला चढउतार. काल दुपारी ३७ झाले होते आणि पहाटे २९.

पिल्लेच थर्मामीटर. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी. कड्याला चिकटून, पंख सोडून, चोच उघडी असेल तर उकाडा. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सगळीकडे विखरून, काही खातायत, काही आडवी पडलीत, असे दिसले की काहीही हलवायचे नाही.

१५ नोव्हेंबर, दिवस ७

राणीखेतची पहिली लस, लासोटा. इकडे या रोगाला मानमोडी म्हणतात. एका डोळ्यात एक थेंब. थेंब पडल्यावर पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत, दोन-तीन सेकंद, हातात धरायचे. लगेच सोडले तर डोके झटकून थेंब उडवते.

कुपी १०० मात्रांची, पिल्ले २०. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरता येत नाही. म्हणून वाडीतल्या आणखी तीन घरांच्या पिल्लांना याच सकाळी. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस थर्मासमध्ये, बर्फाच्या तुकड्यांसह. दुचाकीच्या डिकीत उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. देताना स्वतःच्या डोळ्यांना हात लावू नये, हा विषाणू माणसाचेही डोळे लाल करतो.

तापमान आता ३२ वर. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, बल्ब दोन-दोन इंच वर.

खाद्य: पहिल्या आठवड्यात रोज पिल्लामागे सुमारे १० ग्रॅम, पाणी त्याच्या दुप्पट. वीस पिल्लांचे दिवसाचे पाणी जेमतेम ४०० मिली. भांडे याहून फार लवकर रिकामे होत असेल तर पाणी पोटात नाही, गादीत जाते आहे.

२२ नोव्हेंबर, दिवस १४

गंबोरो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस, पुन्हा डोळ्यातून. कडे ४ फूट व्यासाचे केले. भांडी लाकडी ठोकळ्यांवर, काठ पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. खाली ठेवली की पिल्ले त्यात तूस उकरून टाकतात. खाद्याचे भांडे अर्धेच भरायचे. काठोकाठ भरले की चोचीने बाहेर फेकले जाते.

२६ नोव्हेंबर, दिवस १८

रात्री अकरा ते तीन वीज नव्हती. मांगरात २१ अंश. लिटरच्या चार बाटल्यांत गरम पाणी, गोणपाटात गुंडाळून कड्यात आडव्या ठेवल्या, वर डालगे आणि त्यावर चादर, एक बाजू उघडी. बाटल्या दीड तासाने बदलल्या. निखाऱ्यांची शेगडी किंवा मडके बंद जागेत ठेवू नये. धूर दिसत नसला तरी कोळशाच्या वायूने पिल्ले झोपेतच मरतात, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसालाही तोच धोका.

३० नोव्हेंबर, दिवस २२

गडबड. सकाळी तुसावर चॉकलेटी, लालसर चिकट विष्ठा चार-पाच ठिकाणी. तीन पिल्ले पंख सोडून, मान आखडून, डोळे मिटून उभी. रक्ती हगवण, कॉक्सीडिओसिस.

कारण समोरच होते. एका भांड्याखालचा ठोकळा कललेला, पाणी दोन रात्री पाझरत राहिले, खाली वीतभर ओला गोल. कॉक्सीडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची अंडी विष्ठेत थोडीबहुत नेहमीच असतात. ऊब आणि ओल मिळाली की दीड-दोन दिवसांत ती रोग लावायला तयार होतात. कोरड्या तुसात होत नाहीत. तीन ते सहा आठवड्यांचे वय यात सर्वांत नाजूक.

पशुवैद्यकाला ताजी विष्ठा दाखवून उपचार: अँप्रोलियम २० टक्के पावडर, लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, दुसरे कोणतेही पाणी नाही. नंतर निम्म्या प्रमाणात आणखी पाच दिवस. या काळात बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक बंद. हे औषध जंतूला थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) घेऊ न देऊनच काम करते. वरून थायमिन पाजले तर औषध पाजणे फुकट. स्टार्टरच्या पोत्यावरचे लेबलही पाहावे, काही खाद्यात कॉक्सीडियाविरोधी औषध आधीच असते आणि ते पशुवैद्यकाला सांगावे लागते.

भांड्याभोवतीचे तीन फूट तूस खरवडून काढले, नवे टाकले. फिनेल किंवा डेटॉल मारून काही होत नाही, या अंड्यांवर नेहमीची जंतुनाशके चालत नाहीत. कोरडेपणा आणि कडक ऊन चालते. काढलेले तूस भाजीच्या वाफ्यात नाही, वेगळ्या ढिगात.

४ डिसेंबर, दिवस २६

एक गेले, दोन सावरली. आता १९. विष्ठा पुन्हा घट्ट, टोकाला पांढरी. भांड्याखाली आता ठोकळ्याऐवजी एक फूट चौकोनी लाकडी चौकट, वर अर्धा इंची जाळी. सांडलेले पाणी जाळीखाली पडते, पिल्लाचा पाय तिथे पोचत नाही.

६ डिसेंबर, दिवस २८

लासोटाचा दुसरा डोस. तापमान २५, दिवसा बल्ब बंद, रात्री एक.

१४ डिसेंबर, दिवस ३६

खुराड्यात हलवली. पिसे पूर्ण फुटलेली, अंगावर लव उरलेली नाही. पहिल्या चार रात्री एक बल्ब, मग तोही नाही. तीन-चार दिवस अंगणाचे दार बंदच. खुराडे हेच घर हे कळल्याशिवाय सोडली तर संध्याकाळी पेरूच्या झाडावर बसतात.

गादी ४ इंच. नुसते तूस नाही, निम्मे तूस आणि निम्मा काजूचा-आंब्याचा वाळका पाला चुरून. तूस पाणी छान शोषते आणि चिकटत नाही, पण त्यात सिलिका भरपूर, खतात ते वर्षभर कुजत नाही. नुसता पाला चार दिवसांत चपटा होऊन कुबट वास मारतो. निम्मे-निम्मे केले तर गादी मोकळी राहते आणि खतही वेळेत होते.

बसायला दांडी: दोन इंच रुंद, कडा गोल तासलेल्या, जमिनीपासून १८ इंच. मोठ्या कोंबडीला ८ इंच जागा. दांडीखाली ताटाएवढ्या रुंद फळ्या, कारण कोंबडी जवळजवळ निम्मी विष्ठा रात्री दांडीवर बसूनच टाकते. सकाळी फळी खरवडली की तेवढी विष्ठा गादीत न मिसळता थेट खताला.

२१ डिसेंबर, दिवस ४३

देवीची लस, पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने. पडदा उजेडात धरून शीर चुकवायची, पिसे बाजूला सारायची. देवी डासांमुळे पसरते. भाताच्या खाचरांजवळच्या घरांनी ही लस टाळू नये.

३० डिसेंबर

टोचल्या जागी १९ पैकी १८ पक्ष्यांना मुगाएवढी खपली. खपली आली तरच लस लागली. उरलेल्या एकाला शेजारच्या वाडीत कुपी फुटेल त्या दिवशी पुन्हा.

४ जानेवारी २०२५

आठ आठवडे पूर्ण. जंताचे औषध दिले, कारण पुढच्या आठवड्यातली लस जंतांनी खंगलेल्या पक्ष्याला नीट लागत नाही. स्टार्टर संपत आले. आतापर्यंत ४० किलोच्या आत गेले, म्हणजे पिल्लामागे जवळपास २ किलो. ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे खाद्य) पाच दिवसांत मिसळत नेले. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा, पाचव्या दिवशी पूर्ण.

लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे) आत्ताच सुरू करायचा मोह पुष्कळांना होतो, 'एकच पोते आणू' म्हणून. लेअरमध्ये कॅल्शियम ३ ते ३.५ टक्के, वाढत्या तलंगीला (अजून अंड्यावर न आलेल्या मादीला) लागते १ टक्का. जादा चुना मूत्रपिंडात साचतो आणि अंड्यावर येण्याच्या वयात कोंबडी मरते; कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर. घरचे खाद्य मिसळायचे झाले तर शेंगदाणा पेंडीवर सर्वांत जास्त लक्ष: हिरवी-काळी बुरशी दिसत नसली तरी कुबट वास आला की ती बाद. सुकट द्यायची तर बिनमिठाची. खारवलेल्या सुकटीने तहान वाढते, विष्ठा पातळ होते, आणि गादी पुन्हा ओली.

११ जानेवारी, दिवस ६४

आर-२बी, राणीखेतचीच पुढची लस, मानेच्या कातडीखाली अर्धा मिली. ही लस आठ आठवड्यांच्या आतल्या किंवा आधी लासोटा न मिळालेल्या पक्ष्याला कधीच नाही; लसच रोग होते. पुढचे दोन-तीन दिवस पक्षी मलूल राहतात, खाद्य कमी खातात, ते अपेक्षित.

नर-माद्या आता उघड दिसतात. नराचा तुरा लाल व मोठा, मानेची आणि कमरेची पिसे टोकदार, मादीची गोलसर. मोजणी: ९ नर, १० तलंगा. अपेक्षेइतकेच.

२२ फेब्रुवारी, १५ आठवडे

नर काढले, सव्वा ते दीड किलोचे. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, फक्त उबवणीसाठी लागतो. नऊ नर एकत्र ठेवले असते तर पुढच्या महिन्यात तलंगांच्या पाठी सोलल्या गेल्या असत्या.

१ मार्च

खताचा पहिला ढीग. तारीख मुद्दाम ही: खताला तीन महिने लागतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आळी भरायची आहेत. उशीर झाला तर अर्धकच्च्या ढिगावर पाऊस पडतो आणि नत्र वाहून जाते.

ढीग ३ × ३ × ३ फूट. याहून लहान तापत नाही. एक बादली फळीवरची विष्ठा, साडेतीन बादल्या वाळका पाला, असे थर. अधूनमधून गादीतले जुने तूस. कोंबडीच्या विष्ठेत नत्र फार, कार्बन कमी. पाला कमी पडला तर ते नत्र अमोनिया होऊन नाकात जाते, खतात राहत नाही. ढिगावर चुना टाकायची जुनी सवय इथे घातक, चुन्याने अमोनिया आणखी वेगाने उडतो.

ओल पिळलेल्या फडक्याइतकी: मूठ दाबली की बोटांच्या फटीत ओल दिसावी, थेंब गळू नये. खुराड्यातल्या गादीची कसोटी वेगळी. तिथे मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर ठीक, तसाच राहिला तर ओली, मुळीच न धरता धूळ उडाली तर फार कोरडी.

४ मार्च

ढिगात लोखंडी सळई पाच मिनिटे खुपसून काढली. हातात धरवत नाही. थर्मामीटरवर ६१ अंश. या तापमानात साल्मोनेलासारखे रोगजंतू आणि तणांचे बी मरते, पण फक्त आतल्या भागात. म्हणून दर चौथ्या दिवशी बाहेरचे आत, आतले बाहेर. असे पाच वेळा.

२४ मार्च

पाचवी उलटणी झाली, आता तापमान ४० च्या वर जात नाही. झावळांनी झाकून मुरायला ठेवला. वास मातीसारखा, पाला अर्धा ओळखू येतो, तूस अजून तसेच.

अंड्याच्या पेट्या लावल्या: १ फूट लांबी-रुंदी-उंची, दोन. चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. दांडीपेक्षा खालच्या पातळीला, नाहीतर रात्री त्यातच झोपून घाण करतात. प्रत्येकीत पेंढा आणि एक पांढरा गोटा, म्हणजे जागा कळते.

२० एप्रिल, दिवस १६३

पहिले अंडे. ३६ ग्रॅम, फिकट तपकिरी, टोकाला रक्ताची पुसट रेघ. पहिल्या काही अंड्यांवर रेघ येणे सामान्य; दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतरही येत राहिली तर मात्र कोंबडी उचलून तपासावी.

आजपासून लेअर खाद्य, शिवाय वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा भरडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो संध्याकाळी भरायचा. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो. जाडसर तुकडा पोटात सावकाश विरघळून रात्रभर पुरतो, बारीक पूड लवकर निघून जाते.

पहाटे चार ते सहा ९ वॉटचा एलईडी. इथे एलईडी चालतो, आता उजेडच हवा आहे. एकूण १४ ते १५ तास उजेड झाला की पुरे. एकदा वाढवलेला उजेड मध्येच बंद केला तर अंडी थांबून पिसे झडू लागतात.

१२ मे

दहापैकी सहा-सात रोज. सरासरी ४६ ग्रॅम, वाढत आहे. दुपारी सावलीत ३५ अंश, हवा घामट. सगळ्या चोच उघडून धापतात.

तीन अंडी पातळ कवचाची, एक नुसत्या पडद्यात. शिंपले भरपूर आहेत, मग का? धापताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कवचाला लागणारे कार्बोनेट त्यातूनच येते. कॅल्शियम असून उपयोग नाही, दुसरा अर्धा भाग कमी पडतो. उपाय: खाद्य सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, दुपारी फक्त पाणी, मातीच्या परळात, दर दोन तासांनी बदललेले. दुपारच्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम खाण्याचा सोडा. ओली पोती टांगण्याचा सल्ला देशावर चालतो, इथे नाही; हवेत आधीच इतकी ओल की ओले पोते गारवा देत नाही, फक्त गादी दमट करते. त्यापेक्षा जमिनीलगत वारा सोडणारा पंखा.

अंडी धुवायची नाहीत. कवचावर नैसर्गिक लेप असतो, पाण्याने तो जातो आणि जंतू आत शिरतात. कोरड्या फडक्याने पुसायची, टोक खाली करून ठेवायची.

२ जून

ढीग चाळला. मोठ्या डोळ्याच्या चाळणीतून सात घमेली खत, वर राहिलेले तूस पुढच्या ढिगात.

वापर: दोडका, पडवळ, काकडीच्या आळ्यात प्रत्येकी पाऊण किलो, मातीत मिसळून, बी टाकण्याआधी पंधरा दिवस. वांगी, मिरचीला झाडामागे २०० ग्रॅम, खोडापासून वीतभर लांब. बारा इंची कुंडीला दोन मुठी. याहून जास्त नको. क्षार वाढून पानांच्या कडा करपतात. मातीला चिकटून वाढणाऱ्या पालेभाजीला कच्ची विष्ठा कधीच नाही. टाकलीच गेली असेल तर काढणीपर्यंत चार महिने जायला हवेत.

शिंपल्यांच्या चुन्यामुळे लेअरच्या खताचा सामू (पीएच) चढा असतो. जांभ्याच्या आम्ल मातीला तो औषधच. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात हेच खत वर्षानुवर्षे टाकले तर लोह आणि जस्त अडून पाने पिवळी पडतात. तिथे शेणखताबरोबर, निम्म्या प्रमाणात.

११ जून

पाऊस लागला. दोन दिवस झड. खाली बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला नाक नेऊन वास घेतला. उभ्याने जो अमोनिया कळत नाही तो तिथे डोळ्यांना झोंबला. नैऋत्य कोपऱ्यात दीड फूट गादी ओली, वरून पडद्याची एक कडी सुटलेली. ओली गादी काढली, ती ढिगात. दोन इंच कोरडे तूस वर. गादी आता आठवड्यातून दोनदा नाही, रोज उलटायची. तुसाची आणखी सहा पोती मांगरात कोरडी ठेवलेली आहेत. ऑगस्टपर्यंत गिरणीवर कोरडे मिळणार नाही.

अंगणावर वरून बारीक जाळी ओढली आणि पाण्याची भांडी छपराखाली घेतली, म्हणजे कावळे-बगळे त्यात चोच घालणार नाहीत. बर्ड फ्लू महाराष्ट्रात नवा नाही. देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये नवापूरलाच नोंदला गेला. एकाच दिवशी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर कापून पाहायचे नाही, हातमोज्याशिवाय उचलायचे नाही, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे.

आजची अंडी ८. एक ओल्या कोपऱ्यात गादीवर घातलेले, चिखलाचे, ते बाजूला.